सर्वांत आधी उभा राहिलेला माणूस

"काढलं बघ त्याला," वेंडेल क्राउस म्हणाला आणि मांडीवरची शेंगदाण्याची टरफले झटकून उभा राहिला.

शेजारच्या खुर्चीवर डॉरिस पिकेट विणत बसली होती. तिने मान वर केली. बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा फ्रान्येल उरेन्याची. तो हातमोजा काखेत धरून डगआउटकडे, खेळाडूंच्या बाकाच्या खोलगट जागेकडे, चालत निघाला होता आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू धावत येत होता. डाव अजून संपायचा होता. फ्रान्येल लंगडत नव्हता. त्याच्या हातून चूक झाली नव्हती. पंचाशी त्याची बाचाबाची झाली नव्हती. उलट, थोड्याच वेळापूर्वी त्याने जमिनीलगत सरपटत आलेला फटका अंग झोकून अडवला होता आणि गुडघ्यावर असतानाच चेंडू पहिल्या बेसवर असा फेकला होता, की प्रेक्षकांचा श्वास क्षणभर अडकला.

"लागलं का रे त्याला?" डॉरिसने विचारले.

"लागलं असतं तर डॉक्टर धावला असता. आता डगआउटमध्ये बघ."

डगआउटच्या पायरीवर संघाचा व्यवस्थापक उभा होता. त्याने फ्रान्येलच्या मानेवर हात ठेवून त्याला कडेला घेतले. स्पॅनिश बोलणारा प्रशिक्षक जवळ आला आणि त्याच्या कानाशी काही बोलला. फ्रान्येलने तोंड हातमोज्यात लपवले. मग बाकावरून एकेक खेळाडू उठला आणि त्याला मिठी मारू लागला.

"बढती," वेंडेल म्हणाला.

हा शब्द त्याने मोठ्याने उच्चारला नाही. महत्त्वाची गोष्ट हळू आवाजात सांगितली, की ऐकणारा पुढे झुकतो, हे त्याला या खुर्चीत बसून कळलेले होते. कॉर्बिन्स लँडिंगच्या या नदीकाठच्या मैदानावर खेळणारी पोरे दूरच्या एका मोठ्या संघाच्या मालकीची असतात. कोणाला पुढच्या साखळीत घ्यायचे, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचे, हे तिकडे ठरते आणि इकडे फोनने कळते. फोन सामना चालू असताना आला, तर खेळाडूला त्याच क्षणी मैदानातून काढतात, कारण आता त्याला इजा होऊन चालणार नसते. प्रेक्षकांना कोणी काही सांगत नाही. म्हणून जुलै संपत आला, की जुने प्रेक्षक चेंडूइतकेच लक्ष डगआउटवर ठेवतात. धडधाकट खेळाडू मध्येच बाहेर आला आणि सोबती त्याला मिठ्या मारू लागले, तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

मागच्या रांगेत गिल हॉफमन बसला होता. गावात त्याचे केस कापण्याचे दुकान होते आणि पहिली बढती कोणाला, याबाबत त्याची सगळी भिस्त संघातल्या एका उंच डावखुऱ्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, होती.

"डगआउटमध्ये कोणी शिंकलं तरी तुला बढती दिसते, वेंडेल," तो म्हणाला.

"हा पोरगा वर जाणार, असं एप्रिलमध्येच म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतास बाबा. रोज म्हणत होतास. हवामान खात्याचंसुद्धा कधीतरी खरं होतं." पण हे म्हणताना गिलही उभा राहिला होता आणि डगआउटमध्ये डोकावून पाहत होता.

वेंडेलला या शाब्दिक चकमकीत जो आनंद होत होता, तो समजायचा तर त्याचे उरलेले आयुष्य थोडे पाहावे लागते, आणि ते थोडेच आहे. गावाबाहेर धान्याची कोठारे आहेत. तिथल्या वजनकाट्यावर तो तरुणपणी लागला आणि पिकले केस घेऊन अजून तिथेच होता. मक्याने भरलेला ट्रक येई. वेंडेल लांब नळी खुपसून नमुना काढी, दाण्यातला ओलावा मोजी, प्रत ठरवी. शेतकरी त्याच्याशी वाद घालत नसत, कारण वाद यंत्राशी घालावा लागला असता. आणि दुसरे काही विचारतही नसत. लग्न त्याने केले नव्हते. न करण्यामागे काही कथा नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी या मैदानावर एक काटकुळा, सर्वांनी दुर्लक्षिलेला पोरगा आला होता, आणि हा फार पुढे जाईल असे वेंडेलने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. पोरगा खरोखरच फार पुढे गेला. तेव्हापासून लोक खेळ पाहता पाहता मागे वळून विचारत, "काय वाटतं, वेंडेल?" मोठ्या संघांचे निरीक्षक वेगमापक यंत्रे घेऊन येत, तेही त्याला पाहून ओळखीने मान हलवत. माणसाला कुठेतरी एक पद लागते. वेंडेलचे पद हे होते, आणि ते एका खुर्चीपुरते होते.

डॉरिसला या सगळ्यात फ्रान्येलपुरतेच स्वारस्य होते. परदेशातून आलेल्या खेळाडूंना गावातली माणसे हंगामापुरती घरी ठेवून घेत, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला हा एकवीस वर्षांचा मुलगा एप्रिलपासून तिच्या मागच्या खोलीत राहत होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात आचारीण होती; नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. फ्रान्येलसाठी ती घेवडा-भात करायला शिकली होती, आणि तो तिला दर वेळी सांगे, की अगदी आईच्या हातचा झालाय. हे खोटे आहे हे दोघांनाही माहीत होते. तो बॅट घेऊन उभा राहिला, की तिला पाहवत नसे. म्हणून ती विणकाम आणी.

"म्हणजे जाणार तो?" तिने विचारले.

"आजच. फार तर उद्या सकाळी."

"अरे, त्याचे कपडे वाळत घातलेत मी," डॉरिस म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

वेंडेलने तिच्या दंडाला धरून तिला उठवले. आनंदाची गोष्ट आहे, रडायचे नंतर, आता त्याला तू उभी असलेली दिसली पाहिजेस, असे त्याने तिला समजावले. कारण या मैदानावर खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली डगआउटमागे नाही, ती उजवीकडे कुंपणापलीकडे आहे. तिकडे जायचे तर प्रेक्षकांच्या पुढ्यातून, पांढऱ्या रेषेच्या कडेकडेने चालत जावे लागते. फ्रान्येल पायरी चढून बाहेर आला. प्रशिक्षकाचा हात त्याच्या पाठीवर होता. वेंडेलने टाळी वाजवली. मग तो मैदानाकडे पाठ करून लोकांकडे वळला आणि त्याने दोन्ही हात खालून वर उचलत सर्वांना उठायची खूण केली.

"बढती मिळाली पोराला," या वेळी तो मोठ्याने म्हणाला. "उठा, उठा. पुन्हा दिसायचा नाही तो इथे."

शब्द रांगांमागून रांगा चढत गेला. सॉसेज-पाव खाणारे उठले, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप उठले, छताखालच्या सावलीतले म्हातारे काठीवर भार देऊन उठले. कोणी शीळ घातली. कोणी त्याचे नाव घेतले. मग बरेच जण नावाच्या तालावर टाळ्या वाजवू लागले. मैदानातला पिचर चेंडू हातात धरून थांबून राहिला.

फ्रान्येल थबकला. त्याने भरल्या डोळ्यांनी लोकांकडे पाहिले, जणू ही माणसे कोण हे त्याला ओळखायचे होते. अशा वेळी खेळाडू टोपी उंचावून हलवतात; त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली. तसा तो उभा राहिला. टाळ्या वाढल्या.

"बघ, किती नम्र आहे," वेंडेल डॉरिसला म्हणाला.

तो कुंपणाच्या फाटकातून दिसेनासा झाल्यावर लोक बसले. गिलने वेंडेलच्या हातात बियरचा पेला दिला आणि या हंगामापुरती हार मान्य केली. अनोळखी माणसांनी मागून येऊन त्याचा खांदा थोपटला. तेवढ्यात संघाच्या कचेरीतली एक मुलगी पायऱ्या उतरून आली, डॉरिसच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली आणि तिच्या कानात काही सांगू लागली. डॉरिसच्या मांडीवरची लोकर घरंगळत खाली गेली. तिने ती उचलली नाही.

"त्याचे वडील गेले," मुलगी गेल्यावर ती म्हणाली. "सकाळी. साखर कारखान्यात, कामावर असताना. बसले ते उठलेच नाहीत."

"कोणाचे?" वेंडेलने विचारले. त्याला समजले होते. त्याने विचारले ते समजणे आणखी थोडे लांबावे म्हणून.

गिलने ऐकले होते. त्याच्या जिभेला नेहमी काहीतरी सुचे. आता तो टोपी काढून खाली बसला. ज्या वाटेने बढतीची बातमी चढत गेली होती, त्याच वाटेने हीही बातमी चढत गेली, मात्र हळू, आणि जिथे जिथे पोहोचली तिथे बोलणे थांबत गेले. सुरुवात कोणी केली हे सर्वांना ठाऊक होते. कोणी त्याच्याकडे बोट दाखवले नाही, कोणी टोमणा मारला नाही. लोक सभ्य होते. ते मैदानाकडे पाहत राहिले. वेंडेलच्या हातातला पेला जड झाला. तो पिता येत नव्हता, ओतून टाकता येत नव्हता, आणि परत करावा तर कोणाकडे पाहून करावा हे त्याला कळत नव्हते.

न्यायाने सांगायचे, तर त्याचे अनुमान मूर्खपणाचे नव्हते. पुरावा होता, मागचे दाखले होते, महिना योग्य होता, आणि गिलसारखा आक्षेप घेणाराही शेवटी वाकला होता. चुकले ते एवढेच, की माणसे एकमेकांना मिठी मारतात त्याला एकाहून अधिक कारणे असतात; आणि हे कळायला बेसबॉल पाहावा लागत नाही. पण हा बचाव वेंडेलला सुचला नाही, आणि सुचता तरी उपयोगी पडता ना. त्याला दिसत होते ते वेगळेच. आपण मुलाकडे पाहत होतो, आणि त्याच्या डोळ्यांतले पाणी पाहूनही आपल्याला आपलाच शब्द खरा झालेला दिसला.

बाजूच्या दाराने निघून जायचे त्याने ठरवले होते. डॉरिसने त्याला पायऱ्यांवर गाठले. फ्रान्येलचे शिकागोहून संध्याकाळचे विमान होते. संघाची गाडी बाहेरगावी होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला महामार्गावर गाडी चालवायची मनाई होती.

"तुझी गाडी काढ," ती म्हणाली.

"डॉरिस, गिलला सांग. कोणालाही सांग. मी पैसे देतो, टॅक्सी करू."

"सगळ्या गावाला उभं कोणी केलं? तू. आता गाडी चालव."

निघताना फ्रान्येल मागच्या सीटवर बसला. अर्धे ओले कपडे डॉरिसने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिले होते. ती पिशवी त्याने मांडीवर घेतली होती. गाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना मका सुरू झाला, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, एकसारखा हिरवा. या दिवसांत वेंडेल या मार्गाने जाताना कणसांवरून अंदाज बांधी. आज तो फक्त रस्ता पाहत होता. आरशात मुलाचा चेहरा येई, तेव्हा तो आरसाही टाळत होता.

बऱ्याच वेळाने फ्रान्येल बोलला. इंग्रजी त्याला बेताचे येई; एकेक शब्द तो तपासून मग पुढे ठेवी.

"मिस डॉरिस, लोकांना कोणी सांगितलं?"

"वेंडेल पहिला उभा राहिला," ती म्हणाली. त्यात खोटे काहीच नव्हते, आणि वेंडेलला वाटले की याहून शिवी बरी होती.

"आमच्याकडे पण असं करतात," फ्रान्येल म्हणाला. "पापा कारखान्याच्या टीममध्ये खेळायचे. त्या टीमचा कोणी गेला ना, की शवपेटी आधी मैदानावर नेतात. सगळे उभे राहतात, टाळ्या वाजवतात. मोठ्याने. मला वाटायचं, हे फक्त आमच्याकडे. तुम्ही माझ्या वडिलांना पाहिलं नाही, तरी उभे राहिलात सगळे." तो थांबला. "थँक यू, मिस्टर वेंडेल."

वेंडेलने मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. म्हणूनच त्याने ती हलवली.

मग मागे फोन लागला. फ्रान्येल आईशी बोलत होता. स्पॅनिश वेंडेलला येत नव्हते, पण मधूनच आपले नाव त्याला ऐकू आले, आणि फोनमधून पलीकडच्या घरातला बायकांचा एकत्र रडण्याचा आवाज. फ्रान्येल पुढे वाकला. आईला तुमच्याशी बोलायचे आहे, म्हणाला. तिला इंग्रजी येत नाही, पण तुमचा आवाज ऐकायचा आहे.

वेंडेलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. फोन हातात घेईपर्यंतच्या वेळात त्याच्या मनात जो वाद झाला, तो दोन्ही बाजूंनी चोख होता. गप्प राहावे, कारण या सांत्वनावर हक्क त्या घराचा आहे, ते चुकून पोहोचले असले तरी पोहोचले आहे, आणि आपल्या मनाचा भार हलका करायला दुसऱ्याच्या दुःखातला एवढा एक आधार काढून घेणे हा स्वार्थ आहे. बोलावे, कारण आभार मात्र आपले मानले जात आहेत, आणि मेलेल्या माणसाच्या नावाचे आभार घेऊन घरी जाणे ही चोरी आहे. चोख युक्तिवादांची अडचण ही, की ते माणसाला निवड करू देत नाहीत, फक्त कोणत्याही निवडीनंतर दोषी ठरवतात.

"बाई, मी वेंडेल क्राउस," तो फोनमध्ये म्हणाला. "तुमचा मुलगा फार चांगला खेळतो." इथे थांबता आले असते. डॉरिस खिडकीबाहेर पाहत होती. "मी उभा राहिलो ते तुमच्या यजमानांसाठी नाही. मला वाटलं त्याला बढती मिळाली. मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी सगळ्यांना सांगितलं. ते रडत होतं पोर, आणि मी लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. मला माफ करा."

पलीकडून थकलेल्या, मवाळ आवाजात एका बाईने आभार मानले, "ग्रासियास, सेन्योर. ग्रासियास." तिला एक अक्षर कळले नव्हते. ज्याला कळले होते तो मागे बसला होता, आणि फोन परत देण्यासाठी हात मागे नेताना वेंडेलच्या ध्यानात आले, की जे मुलाच्या तोंडावर सांगायचे धैर्य नव्हते ते आपण त्याच्या आईच्या आड लपून सांगितले. ती लाज दुपारच्या लाजेहून वेगळी होती. दुपारी तो चुकला होता. आता त्याने काय केले, याला त्याच्याजवळ नाव नव्हते.

फ्रान्येलने फोन कानाला लावला. आईने काही विचारले असावे. तो गप्प राहिला, इतका वेळ की पलीकडून दोनदा त्याचे नाव घेतले गेले. मग तो बोलू लागला, सावकाश, बराच वेळ. वेंडेलचे नाव त्यात पुन्हा आले. काय सांगितले, हे पुढच्या सीटवरच्या दोघांनी विचारले नाही. फोन बंद झाला.

"चल, विमान चुकेल," डॉरिस म्हणाली.

विमानतळावर गाड्यांची रीघ होती. थांबायला फार वेळ देत नव्हते. डॉरिस उतरली आणि तिने फ्रान्येलला जवळ घेतले. तो तिच्याहून हातभर उंच होता. तिच्या खांद्यावर डोके टेकायला त्याला गुडघे वाकवावे लागले. कपडे तिकडे गेल्यावर पुन्हा वाळत घाल, नाहीतर वास येईल, असे तिने त्याला दोनदा सांगितले. वेंडेलने डिकी उघडून त्याची बॅग काढली आणि ती हातात धरून उभा राहिला, कारण ती खाली ठेवली असती तर हाताला काम उरले नसते.

फ्रान्येल त्याच्यापाशी आला.

"आईला मी सांगितलं, तुम्ही म्हणालात की मी चांगला खेळतो."

"आणि बाकीचं?"

फ्रान्येलने विचार केला. "नऊ दिवस घरी प्रार्थना असते. लोक येतात, कॉफी पितात, वडिलांच्या गोष्टी सांगतात. आई त्यांना सांगेल, अमेरिकेत सगळं मैदान उभं राहिलं. ते झालं की बघू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वेंडेलला त्याला काही उत्तर देता आले असते. फ्रान्येलने हात पुढे केला. वेंडेलला एकदम भरून आले; त्याने बॅग घाईघाईने डाव्या हातात घेतली आणि आपला उजवा हात पुढे नेला.

हात बॅगेसाठी होता. फ्रान्येलने वाकून ती त्याच्या डाव्या हातातून घेतली, खांद्याला लावली, ओल्या कपड्यांची पिशवी दुसऱ्या हातात धरली, आणि काचेच्या दारांकडे चालू लागला. वेंडेलचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग तो त्याने डिकीच्या झाकणावर ठेवला आणि झाकण लावून घेतले. ते लावायचे होतेच.